घरचा संगणक : पत्ता बरोबर, तरी दार उघडेना!

फोनमधली जागा संपली, की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जुने फोटो पुसून टाका. दुसरा म्हणतो, त्यात आजीचा शेवटचा वाढदिवस आहे, खबरदार हात लावाल तर. मग कुणीतरी तोडगा काढतो, फोटो संगणकावर उतरवून घेऊ. केबलची शोधाशोध होते. ती सापडते, पण नुसती चार्जिंगची निघते. अखेर फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये एक पर्याय दिसतो. कुठे त्याचे नाव 'संगणकावरून उघडा' असते, कुठे 'रिमोट', कुठे सरळ 'एफटीपी'. त्यावर बोट ठेवले, की पडद्यावर एक पत्ता उमटतो: एफटीपी://१९२.१६८.१.७:२१२१. हा पत्ता संगणकावर टाका, म्हणजे फोनमधल्या सगळ्या फाइली संगणकावर दिसतील, अशी सूचनाही खाली असते.

पत्ता टाकला जातो आणि काहीच दिसत नाही. तीनदा टाकून पाहिले तरी तेच. शेवटी 'यंत्रच बिघडले' असे ठरवून फोटो पुसले जातात किंवा कुणाच्या तरी पेन ड्राइव्हची वाट पाहत फोन तसाच तुंबलेला राहतो. बिघाड मात्र बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, पत्त्याचा असतो. तो शोधायला अभियंता व्हावे लागत नाही.

थोडे या पद्धतीविषयी. एफटीपी म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल नेण्याचे ठरलेले नियम. त्यांचा पहिला मसुदा लिहिला एका भारतीयाने. अलाहाबादचे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. १९६५ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीत गेले आणि तिथे १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी तो मसुदा प्रसिद्ध केला. तेव्हा इंटरनेट हे नावही रूढ नव्हते. आज जे नियम पायाभूत मानले जातात, ते ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी लिहून काढले. त्या काळी जाळ्यातले संगणक मोजके होते आणि कोणीही कोणाशी सरळ बोलू शकत असे. घरोघरी राउटर आणि त्यावर पहारेकरी बसणार आहेत, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हते. एफटीपीच्या आजच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे आहे.

पत्ता लिहिताना

पहिली चूक अगदी किरकोळ असते, म्हणून ती कुणी तपासत नाही. पत्ता इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकावा लागतो. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, तर संगणकाला त्यातले ओ की ठो कळणार नाही. एफटीपी या तीन-चार अक्षरांनंतर विसर्गासारखी दोन टिंबे, मग दोन तिरक्या रेघा, मग टिंबांनी तोडलेले चार आकडे, पुन्हा दोन टिंबे आणि शेवटी २१२१. हा शेवटचा आकडा पुष्कळ जण गाळतात. त्याला पोर्ट म्हणतात. पत्ता म्हणजे घर, तर पोर्ट म्हणजे त्या घराचे दार. एफटीपीचे नेहमीचे दार २१ क्रमांकाचे. ते सांगितले नाही, तर संगणक आपणहून २१ वरच टकटक करतो. पण अँड्रॉइड फोनमध्ये साध्या अ‍ॅपला १०२४ च्या खालचे दार उघडण्याची परवानगी नसते. म्हणून अ‍ॅप २१२१ सारखे वरचे दार उघडून बसते आणि संगणक २१ वर वाट पाहत राहतो.

दुसरी चूक, पत्ता कुठे टाकायचा याची. पूर्वी तो क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये टाकला तरी चालत असे. २०२१ मध्ये दोघांनीही ती सोय काढून टाकली, फायरफॉक्सने जुलैत आणि क्रोमने ऑक्टोबरात. जुन्या पुस्तकातले किंवा भाच्याने पाच-सहा वर्षांपूर्वी वहीत लिहून दिलेले 'ब्राउझर उघडा' हे पहिले वाक्यच आता निकामी झाले आहे. विंडोजमध्ये पिवळ्या फोल्डरचे चिन्ह असलेला फाइल एक्सप्लोरर उघडावा आणि त्याच्या वरच्या पट्टीत पत्ता टाकावा. अ‍ॅपलच्या संगणकात फाइंडरमधून जोडणी होते, मात्र तिथे फाइली फक्त उतरवून घेता येतात, चढवता येत नाहीत. दोन्हीकडे चांगला पर्याय म्हणजे फाइलझिलासारखा खास या कामाचा मोफत प्रोग्राम. काय घडते आहे, हे तो ओळीओळीने सांगत राहतो आणि निदानाला त्या ओळीच कामाला येतात.

प्रत्येक चाळीत खोली नंबर सात

आता मुख्य मुद्दा. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता जगात एकमेव नसतो. फेब्रुवारी १९९६ च्या एका ठरावाने पत्त्यांचे तीन गट घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कुणीही, कितीही वेळा वापरावेत. गिरगावातल्या प्रत्येक चाळीत खोली नंबर सात असते, तसेच हे. चाळीच्या आत 'सात नंबर' म्हटले की पुरते. बाहेर रस्त्यावर उभे राहून नुसते 'सात नंबर' म्हटले, तर टॅक्सीवाला कुठे नेणार?

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: फोन आणि संगणक एकाच चाळीत आहेत का? संगणकाचा पत्ता पाहण्यासाठी विंडोजचे बटण दाबून इंग्रजीत 'सीएमडी' टाकावे, काळी खिडकी उघडली की 'आयपीकॉन्फिग'. जी यादी येते, तिच्यात 'आयपीव्ही४' च्या ओळीसमोर पत्ता असतो. घरगुती राउटरवर साधारणपणे पहिले तीन आकडे दोघांचे सारखे हवेत. फोन १९२.१६८.१.७ आणि संगणक १९२.१६८.१.१२ असेल, तर ठीक. संगणक १९२.१६८.०.५ दाखवत असेल, तर दोघे वेगळ्या चाळीत राहतात.

आता हे कसे झाले? आपल्याकडे याचे नेहमीचे कारण म्हणजे दोन राउटर. फायबर जोडणाऱ्या कंपनीने स्वतःची पेटी बसवलेली असते आणि मागच्या खोलीत सिग्नल पोचत नाही म्हणून घरातला जुना राउटर तिला जोडलेला असतो. जुना राउटर आपले वेगळे पत्ते वाटत बसतो. फोन मागच्या खोलीतल्या वाय-फायवर आणि संगणक दिवाणखान्यातल्या वाय-फायवर असला, की काम अडले. दोघांना एकाच नावाच्या वाय-फायवर आणले, की बहुधा सुटते. कायमचा उपाय करायचा, तर जुन्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' या प्रकारात ठेवायला जोडणी करणाऱ्या माणसाला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर खटपट तिथेच थांबवावी. राउटरकडून पत्ता मिळालाच नाही म्हणून यंत्राने स्वतःच घेतलेला तो तात्पुरता पत्ता आहे. एफटीपीचा विचार नंतर. आधी वाय-फाय बंद करून पुन्हा जोडावे किंवा राउटर बंद-चालू करावा.

कधी पत्ते जुळतात, तरीही दार उघडत नाही. पाहुण्यांसाठी म्हणून जे वेगळे 'गेस्ट' वाय-फाय असते, त्यावर जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. लॉजवर, वसतिगृहात आणि कित्येक कचेऱ्यांतही हाच बंदोबस्त असतो. तो चांगल्यासाठीच आहे, त्यावर चिडू नये. अशा ठिकाणी एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडावा. फोन आणि संगणक, दोघांचीच वेगळी चाळ तयार होते. आपापसात फोटो उतरवण्याला इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. मात्र त्याच वेळी संगणकाने मागच्या दाराने विंडोजचे अपडेट ओढायला सुरुवात केली, तर होतो. लक्ष असू द्यावे.

कालचा पत्ता आज चालत नाही, ही आणखी एक नित्याची तक्रार. राउटर पत्ता भाड्याने देतो, मालकीने नाही. फोन बाहेर जाऊन आला, राउटर बंद-चालू झाला, की सात नंबरची खोली दुसऱ्याला गेलेली असू शकते. फोनच्या बाबतीत दर वेळी पडद्यावरचा ताजा पत्ता पाहून घेणे सोपे. पण लहान कचेऱ्यांत एक मोठे यंत्र असते, कागद आत घातला की त्याचे चित्र एफटीपीने ठरावीक संगणकावर पाठवणारे. त्याच्या पोटात तो पत्ता कुणीतरी एकदाच भरून ठेवलेला असतो. राउटर बदलला, की दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र मुके होते आणि दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते. इथे राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवणे, हाच इलाज. रेल्वेच्या आरक्षणासारखेच, त्याला 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असेच म्हणतात. यंत्रातला आकडा दर महिन्याला बदलत बसणे ही मलमपट्टी झाली.

नकार आणि शुकशुकाट

चूक झाली, की संगणक इंग्रजीत काहीतरी सांगतो. आपण ते न वाचताच खिडकी बंद करतो. निदान दोन वाक्ये तरी ओळखता यावीत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पत्त्यावर कुणीतरी आहे, त्याने उत्तरही दिले, पण त्या दारावर एफटीपी बसलेले नाही. घर बरोबर, दार चुकले. अशा वेळी पोर्ट तपासावा किंवा फोनवरचे अ‍ॅप खरोखर चालू आहे का ते पाहावे. 'टाइम्ड आउट' म्हणजे हाक मारली, ओच आली नाही. पत्ता चुकला असेल, चाळ वेगळी असेल किंवा मध्ये फायरवॉल नावाचा पहारेकरी हाका गिळत असेल. या दोन वाक्यांतला फरक कळला, तर निम्मी शोधाशोध वाचते, कारण पहिल्या वाक्यानंतर राउटरला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

आकड्यांतली उत्तरेही असतात. ५३० आले, तर नाव किंवा परवलीचा शब्द चुकला. ५५० आले, तर ती फाइल तिथे नाही किंवा तिला हात लावायची परवानगी नाही. आणि ४२५ आले, तर पुढचा भाग नीट वाचावा.

आत घेतले, पण यादी दिसेना

सगळ्यांत चकवणारी तक्रार हीच. नाव घेतले, परवलीचा शब्द पटला, 'स्वागत आहे' असेही उत्तर आले आणि फाइलींची यादी मागताच सगळे गप्प. एक-दोन मिनिटांनी जोडणी तुटते. इथे बहुतेक जण पासवर्ड बदलतात. त्याचा काही उपयोग नाही, कारण पासवर्डचा टप्पा केव्हाच पार पडलेला असतो.

एफटीपी एका तारेवर चालत नाही, दोन तारांवर चालते. पहिल्या तारेवर फक्त बोलणे: नाव, आज्ञा, होय-नाही. प्रत्यक्ष माल, म्हणजे फाइली आणि त्यांची यादीसुद्धा, दर वेळी नव्याने जोडलेल्या दुसऱ्या तारेवरून येतो. ती दुसरी तार कोणी जोडायची? मूळ रीत अशी, की संगणक आपला पत्ता कळवतो आणि फाइली देणारे यंत्र उलट त्याच्याकडे येते. हा 'अ‍ॅक्टिव्ह' प्रकार. पण न बोलावता बाहेरून आलेल्या माणसाला विंडोजचा पहारेकरी आत सोडत नाही आणि राउटर तर नाहीच नाही. म्हणून दुसरा प्रकार आहे, 'पॅसिव्ह'. त्यात फाइली देणारे यंत्र दाराचा नंबर सांगते आणि संगणकच तिकडे जातो. घरातून बाहेर जाणाऱ्याला पहारेकरी सहसा अडवत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्टीव्हन बेलोविन यांनी सुचवले, की सगळ्यांनी हाच प्रकार आधी वापरावा, आणि आज तसेच चालते. फाइलझिलात 'साइट मॅनेजर' मध्ये 'ट्रान्सफर सेटिंग्ज' या पानावर पॅसिव्ह निवडलेले आहे ना, एवढे पाहावे.

पॅसिव्ह असूनही यादी आली नाही, तर २२७ ने सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्यात सहा आकडे असतात, समजा १९२, १६८, १, ७, १९५, ८०. पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटचे दोन म्हणजे दार: १९५ ला २५६ ने गुणायचे आणि ८० मिळवायचे, म्हणजे ५००००. शाळकरी मुलगाही करील. इथले पहिले चार आकडे आपण जोडलेल्या पत्त्याशी जुळतात का, हे पाहायचे. जुळत नसतील, तर चोर सापडला. फोनमध्ये वाय-फायबरोबर मोबाइल डेटा किंवा व्हीपीएन चालू असले, तर एखादे अ‍ॅप गोंधळून भलत्याच जोडणीचा पत्ता, समजा १० ने सुरू होणारा, सांगून मोकळे होते. संगणक बिचारा तिकडे जातो आणि तिथे कुणी नसते. मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करून फोनवरचे एफटीपी थांबवून पुन्हा सुरू करावे. नव्या २२७ मध्ये बरोबर पत्ता येतो.

पाकिटावरचा पत्ता बरोबर आणि आतल्या चिठ्ठीतला चूक, असा हा प्रकार आहे. एफटीपी चिठ्ठीच्या आतही पत्ता लिहिते, हीच तिची जुनी खोड. १९९८ मध्ये त्यावर नेमका उतारा निघाला. पत्ता सांगूच नका, नुसता दाराचा नंबर सांगा. ते उत्तर २२९ ने सुरू होते आणि त्यात वरची गडबड संभवत नाही. मात्र प्रत्येक अ‍ॅप ती पद्धत वापरतेच असे नाही.

दुसऱ्या गावाहून

समजा, आजोबा इंदूरला आणि मुलगा बंगळुरूला. आजोबांनी पडद्यावरचा १९२.१६८.१.७ फोनवरून वाचून दाखवला, मुलाने तो टाकला, काही झाले नाही. होणारच नव्हते. मुलाचा संगणक सात नंबरची खोली आपल्याच चाळीत शोधत होता. दैव वाईट असेल, तर ती सापडतेही आणि मुलाला त्याच्याच घरातला एखादा कॅमेरा किंवा टीव्ही उत्तर देतो!

बाहेरून यायचे, तर चाळीचा रस्त्यावरचा पत्ता लागतो आणि आलेल्याला सात नंबरकडे पाठवण्याची सूचना राउटरला द्यावी लागते. तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पण आता बऱ्याच ठिकाणी चाळीलाही रस्त्यावरचा स्वतंत्र पत्ता मिळत नाही. पत्ते अपुरे पडल्याने कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे उभे करतात. राउटरच्या पानावर बाहेरचा, म्हणजे 'वॅन' चा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा दिसला, तर समजावे की आपण त्या रांगेत आहोत. हा गट एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी राखला गेला. मग राउटरमध्ये कितीही सूचना लिहा, बाहेरचा माणूस दारापर्यंत येत नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घेणे हा मार्ग आहे, पण चार फोटोंसाठी तो घेऊ नये.

आणि खरे सांगायचे तर घरचे साधे एफटीपी बाहेर उघडूच नये. त्यात नाव आणि परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, वाटेतल्या कुणालाही वाचता येतो. फोनवरच्या पुष्कळ अ‍ॅपमध्ये तर 'अनामिक प्रवेश' आधीपासूनच चालू असतो, म्हणजे परवलीचा शब्दही लागत नाही. घरच्या वाय-फायवर दहा मिनिटे ते चालवायला हरकत नाही, स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर अजिबात नाही. दूरच्या कामाला एसएफटीपी वापरावे. नाव सारखे असले तरी ती निराळी पद्धत आहे. सगळे बोलणे कुलूपबंद, दार २२ आणि बोलण्याला-मालाला मिळून एकच तार, त्यामुळे यादीची वरची कटकटही नाही. छायाचित्रकाराकडून लग्नाचे अल्बम छापखान्यात पाठवायचे असतील, तर छापखान्याकडे याचीच मागणी करावी.

पुसण्याआधी

जोडणी झाली, फोटो येऊ लागले. तरी दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत. फोनचा पडदा विझला, की बॅटरी वाचवण्यासाठी फोन अ‍ॅपला झोपवतो आणि अर्ध्या वाटेत सगळे थांबते. तेवढा वेळ फोन चार्जिंगला लावून बॅटरी-बचत बंद ठेवावी. फाइलझिला एका वेळी अनेक जोडण्या करते आणि काही अ‍ॅप तेवढ्यांना घेत नाहीत. ४२१ हे उत्तर सारखे येत असेल, तर 'ट्रान्सफर सेटिंग्ज' मध्येच जोडण्यांची मर्यादा एकावर आणावी. वेळ थोडा जास्त लागेल, पण तुटणार नाही. फोटो आले पण उघडत नाहीत, असे झाले तर पाठवण्याचा प्रकार 'आस्की' वर तर नाही ना, ते पाहावे. तो फक्त मजकुरासाठी आहे. फोटो, आवाज आणि चित्रफितींना 'बायनरी'च लागतो.

सगळ्यात महत्त्वाचे, 'कट' करून 'पेस्ट' करू नये. आधी फक्त 'कॉपी'. मग फोनवरच्या फोल्डरमध्ये फाइली किती आणि संगणकावरच्या फोल्डरमध्ये किती, हे दोन्हीकडे मोजावे. आकारही ताडून पाहावा, कारण अर्धवट उतरलेल्या फोटोचे नाव पूर्णच दिसते. मधलेच पाच-दहा फोटो उघडून पाहावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आणि आजीचे बोलणे कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये नसते. नव्या फोनमध्ये ते 'अँड्रॉइड' या फोल्डरातल्या 'मीडिया'मध्ये दडलेले असते, ते वेगळे उतरवावे लागते. एवढे झाल्यावर तेच फोल्डर दुसऱ्या एखाद्या डिस्कवरही ठेवावे आणि मगच फोनमधून पुसायला घ्यावे. फोनवरचे एफटीपीचे बटण तेव्हाच बंद करून टाकावे, नाहीतर ते दिवसभर दार उघडे ठेवून बसते.